खड्डा की विहीर

संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा माझी वकिली पाच-सहा वर्षांची होती. तोवर माझं बहुतेक काम शाहूपुरीतल्या गूळबाजारावर चालायचं. अडत्यानं सौदा करून माल उचलला नाही, वखारीत ढेपा पाघळल्या, ठरल्या दिवशी वॅगन आली नाही, असले दावे. भांडणं कडाक्याची असत, पण दोन्ही बाजू एकाच बाजारात समोरासमोर बसणाऱ्या. निकाल लागला की आठवड्याभरात पुन्हा एकाच बाकावर चहा पिताना दिसायच्या. विलीनीकरणानंतर मुंबईचे कायदे लागू झाले, आमच्या कोर्टाची पाटी बदलली, आणि सरकारला एकाएकी जागा लागायला लागली. कचेऱ्यांसाठी, गोदामांसाठी, नोकरांच्या वसाहतींसाठी. तशी माझ्याकडं येणारी माणसंही बदलली. आता समोरच्या बाजूला बाजारातला शेजारी नव्हता, सरकार होतं.

सरकार जमीन घेणार म्हटल्यावर ती वाचवणं फार क्वचित जमायचं. वाद व्हायचा तो मोबदल्याचा. मोबदला मुख्यतः दोन गोष्टींवर ठरे. जमीन कसली आहे, जिरायत की बागायत. आणि आसपासची तशीच जमीन नुकतीच कोणत्या भावानं विकली गेली. सरकारी अधिकारी आपला निवाडा देई. तो मान्य नसेल तर जिल्हा कोर्टात दाद मागायची. एवढंच ते काम, पण त्यात माणसाचं सगळं आयुष्य मोजमापाला लागायचं.

त्यातली एक केस मी कधी विसरलो नाही.

पक्षकार बागवान होते. साठीच्या आसपासचे, उंच, कमी बोलणारे. कळंब्याच्या वाटेवर त्यांचा मळा होता. वडिलांच्या वेळेपासून तिथं वांगी, मेथी, कोथिंबीर निघायची आणि पहाटे डोक्यावरून मंडईत यायची. बांधाला पेरूची झाडं होती. मळ्याच्या मधोमध दगडात बांधलेली विहीर होती, असं ते सांगत. 'असं ते सांगत' म्हणायचं कारण, सरकारी पंचनाम्यात ती विहीर नव्हती. तिथं लिहिलं होतं, 'एक जुना कोरडा खड्डा.' जमीन जिरायत. बागवानचाचा माझ्याकडं आले तोवर सरकारनं ताबा घेतला होता, आणि तो खड्डा म्हणा की विहीर, माती-दगड टाकून बुजवून त्यावर वसाहतीच्या पायाची आखणीही झाली होती. म्हणजे दाखवायला काही उरलं नव्हतं.

सरकारी वकील होते माझे जुने गुरू. सनद मिळाल्यावर तीन वर्षं मी त्यांच्याच ऑफिसात खर्डे लिहिले होते. उलटतपास कसा घ्यायचा, साक्षीदार गप्प झाला की आपणही गप्प कसं राहायचं, हे मी त्यांच्याकडं बघून शिकलो. आवाज कधी चढवत नसत. त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम येई, आणि तो त्यांना दिसतो हेही मला ठाऊक होतं.

आमच्या बाजूचा मुख्य आधार होता एक खरेदीखत. बागवानचाचांच्या शेजारची पट्टी, सरकारी हद्दीच्या अगदी बाहेरची, संपादनाची नोटीस निघायच्या दोन महिने आधी चांगल्या भावानं विकली गेली होती. खत रीतसर नोंदवलेलं. चाचांनीच ते मला आणून दिलं. मी खरेदीदाराचं नाव-गाव पाहिलं, पेठ वडगावचा माणूस, आणि पुढं विचारलं नाही. एवढा चांगला पुरावा हातात आल्यावर मला विचारायचं सुचलं नाही, की मी मुद्दाम विचारलं नाही, हे आज मला सांगता येत नाही.

सोमवारी चाचांचा सरतपास झाला. म्हणजे मी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. मळा, विहीर, भाजी, सगळं नीट सांगितलं. शेजारची जमीन कोणत्या भावानं विकली गेली तेही शपथेवर सांगितलं. मग वेळ संपली. उलटतपास बुधवारी होणार होता, आणि त्यानंतर खरेदीदाराची साक्ष.

मंगळवारी सकाळी मी सायकल काढून मळ्यावर गेलो. नकाशात विकलेल्या पट्टीचं अंतर नीट कळत नव्हतं, आणि उद्या गुरुजी नेमकं तेच विचारतील अशी धास्ती होती. पायासाठी खोदलेल्या चरांवरून उड्या टाकत मी पलीकडं गेलो. विकलेल्या पट्टीत एक म्हातारी वांगी तोडत होती. मी नमस्कार करून विचारलं, ही जमीन वडगावच्या पाहुण्यांची ना. ती हसली.

"त्येंची कशाची? आमचीच हाय. कागद तेवढा केलाय. बागवानांचं काम हुईस्तवर."

तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. शेजाऱ्याची अडचण होती, शेजाऱ्यानं मदत केली. तिनं पाटीतली दोन वांगीही माझ्या पिशवीत टाकली. मी तिथंच बांधावर बसलो. खत खोटं होतं, आणि मी ते माझ्या सहीच्या यादीसोबत कोर्टात दाखल केलं होतं. वर ते खरं आहे असं माझ्याच पक्षकाराकडून, माझ्याच प्रश्नाला उत्तर म्हणून, शपथेवर वदवून घेतलं होतं.

दुपारी मी चाचांना घरी बोलावलं. माझं ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत होतं. ते आले, टोपी सारखी केली आणि बसले. मी विचारलं, वडगावचा खरेदीदार तुमचा कोण लागतो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, बहिणीचा मुलगा. जमीन जाणार ही कुणकुण नोटिशीच्या आधीच लागली होती. रजिस्ट्रार कचेरीबाहेर बसून कागद लिहिणाऱ्या एकानं ही युक्ती सांगितली होती. पैसे दिल्याचं लिहिलं होतं, दिले कुणीच नव्हते.

मी त्यांना सांगितलं की हे खत आपण मागं घेणार. उद्या उलटतपासात कुणी विचारलं तर खरं तेच सांगायचं. दुसरं काही सांगितलंत तर मी तिथल्या तिथं वकीलपत्र सोडेन.

ते उठून उभे राहिले. आवाज चढला नव्हता.

"वकीलसाहेब, माझ्या बानं बांधलेली इहीर. तिला त्यांनी खड्डा लिवलं. त्यांनी लिवलं तर त्यो पंचनामा, आणि आमी लिवलं तर ते खोटं व्हय?"

मी कायद्याचं काहीतरी बोललो. खोटी साक्ष, फौजदारी, शिक्षा. ते ऐकून घेऊन निघून गेले. उद्या येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं एवढंच विचारलं, की तुम्हाला त्यांची काळजी आहे की तुमच्या सनदेची. मी तिच्यावर चिडलो. चिडलो, कारण मला माझ्या सनदेचीच काळजी होती. निदान आधी तिची.

बुधवारी अकरा वाजता कोर्ट बसलं तेव्हा चाचा आले होते. मागच्या बाकावर त्यांच्या बायको डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं. चाचा माझ्याकडं न बघता पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. मी उठलो आणि न्यायाधीशांना सांगितलं की अर्जदार या खरेदीखतावर विसंबत नाही. ते आम्ही मागं घेतो, आणि खरेदीदारालाही तपासणार नाही. न्यायाधीश पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले होते, साक्ष स्वतःच्या हातानं लिहून घेत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि कारण विचारलं. मी म्हणालो, मला मिळालेल्या माहितीवरून हा व्यवहार पुरावा म्हणून पुढं करणं योग्य वाटत नाही.

गुरुजी सावकाश उठले. खत मागं घ्यायला आपली हरकत नाही, म्हणाले, पण साक्षीदारानं त्याबद्दल शपथेवर सांगितलेलं आहे, तेव्हा विचारायचा आपला हक्क आहे. न्यायाधीशांनी परवानगी दिली.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, खरेदीदार तुमचा कोण.

चाचा गप्प राहिले. आणि गुरुजीही गप्प राहिले, अगदी मी शिकलो होतो तसे. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी वकिलानं नुसती मान हलवली तरी साक्षीदाराला पढवल्यासारखं होतं. मी समोरच्या कागदावर नजर रोवून बसलो. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. छताचा पंखा कुरकुरत होता. चाचा मला कधीच माफ करणार नाहीत, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

"भाचा," चाचा म्हणाले.

पट्टी आज कोण कसतं? ज्यानं विकली तोच. पैसे दिले घेतले? नाही. मग सोमवारी सांगितलं ते? सोमवारी सांगितलं ते खरं नव्हतं. गुरुजी बसले. विहिरीबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. गरजच उरली नव्हती. एका गोष्टीत खोटं बोललेला माणूस दुसऱ्या गोष्टीत खरं बोलतो, हे कोर्टानं का मानावं? न्यायाधीशांनी साक्ष वाचून दाखवली, चाचांचा अंगठा घेतला, आणि खोट्या साक्षीबद्दल काय करायचं ते निकालाच्या वेळी पाहू, असं म्हणून दुपारची सुट्टी दिली.

बाहेर आवारात चाचा भिंतीला टेकून खाली बसले होते. बायकोनं गाठोडं सोडलं, भाकरी पुढं केली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. मी जवळ जाऊन उभा राहिलो. निघून जाणं बरं दिसलं नसतं. तिसऱ्या प्रहरी सरकारतर्फे सर्कल इन्स्पेक्टरची साक्ष होती. पंचनामा त्यांनीच केला होता. ते तेव्हा समोरून गेले, पन्नाशीचे, कोट घातलेले. चाचांच्या बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं आणि माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

"ह्योच की ते साहेब. उनाचं आलतं. म्या पाणी दिलं तांब्याभर. गोड हाय म्हणालं, आनखी मागितलं."

मी विचारलं, पाणी कुठलं होतं. त्यांनी मी खुळा असल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. इहिरीचंच की, म्हणाल्या, मळ्यात दुसरं कुठलं असणार.

हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, तुमी आमाला काय इच्यारलंच न्हाईसा. ते खरं होतं. त्या दोनदा नवऱ्याबरोबर माझ्याकडं आल्या होत्या आणि दोन्ही वेळा बाहेर पायरीवर बसल्या होत्या.

आता त्यांना साक्षीला उभं करून उपयोग नव्हता. नवऱ्याची साक्ष अशी फुटल्यावर बायकोच्या शब्दाला कोण किंमत देणार? विचारायचं तर सर्कलनाच विचारायला हवं होतं. आणि उत्तर हातात असल्याशिवाय उलटतपासात प्रश्न टाकायचा नाही, हे गुरुजींनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. सर्कल 'नाही' म्हणाले की सगळं संपणार होतं. ते म्हणू शकले असते, पाणी प्यालो नाही. म्हणू शकले असते, बरोबर नेलं होतं. त्यांना खोटं ठरवायला माझ्याकडं काही नव्हतं.

साक्ष सुरू झाली. गुरुजींनी सर्कलकडून पंचनामा सिद्ध करून घेतला आणि ते बसले. मी उठलो. आधी झाडांबद्दल विचारलं. तुमच्या पंचनाम्यात पेरूची झाडं आहेत ना? आहेत. हिरवी होती? होती. पंचनामा उन्हाळ्यातला? हो. मग झाडांना पाणी कुठून मिळत होतं? ते म्हणाले, माहीत नाही, कुठून आणून घालत असतील. गुरुजींनी मान वर केली नाही. आतापर्यंत ठीक होतं, इथंच बसलो असतो तरी थोडंफार काही हाती लागलं असतं. मी बसावं असं मला फार वाटलं.

मी बसलो नाही.

विचारलं, त्या दिवशी तुम्ही मळ्यात किती वेळ होता. दोन-अडीच तास. ऊन होतं? होतं. तुम्ही तिथं पाणी प्यालात का?

गुरुजींनी हरकत घेतली. या प्रश्नाचा केसशी संबंध नाही. न्यायाधीशांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, उत्तर येऊ द्या.

सर्कलनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही. ते समोर बघत होते. मागच्या बाकावर कोण बसलंय ते त्यांना तिथून स्पष्ट दिसत असणार. मी गप्प उभा राहिलो. शिरस्तेदारानं हातातला कागद उलटला तो आवाज मला अजून आठवतो.

"प्यालो," ते म्हणाले.

"कुठलं पाणी?"

"तिथल्याच विहिरीचं."

'विहिरीचं' हा शब्द त्यांच्याच तोंडून आला. न्यायाधीशांनी तो लिहिला आणि पुन्हा विचारलं, विहीर म्हणालात ना? सर्कल हो म्हणाले. मग त्यांचं त्यांनीच सांगितलं. विहीर लिहिली की वेगळं मूल्यांकन लागतं, बांधकाम खात्याचा माणूस यावा लागतो, त्यात महिने जातात. वरून घाई होती. कुणी खोटं लिही म्हणालं नव्हतं. लवकर कर एवढंच म्हणाले होते. गुरुजींनी फेरतपास घेतला नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पंचनाम्याची प्रत बंद केली.

निकालाला सव्वा महिना लागला. तो माझा सगळ्यात वाईट काळ. विहीर सिद्ध झाली होती, पण खोट्या साक्षीची तलवार तशीच टांगलेली होती. चाचांना फौजदारी कोर्टात जावं लागलं असतं तर त्यांना तिथवर नेणारा मीच ठरलो असतो. बार रूममध्ये माझ्यावरून दोन तट पडले. काही म्हणाले, बरं केलं. काही म्हणाले, पक्षकाराचा गळा कापणारा वकील. गुळाच्या एका व्यापाऱ्यानं त्याच महिन्यात आपले कागद माझ्याकडून परत नेले. कारण सांगितलं नाही.

निकालात न्यायाधीशांनी जमीन बागायत धरली, विहिरीची किंमत वेगळी द्यायला सांगितली, आणि सरकारी निवाडा बदलला. खरेदीखताबद्दल एक कडक परिच्छेद लिहिला. पण साक्ष संपायच्या आत साक्षीदारानं स्वतः खरं सांगितलं, म्हणून खटला भरायची गरज नाही असंही लिहिलं. मी ते वाक्य तिथल्या तिथं तीनदा वाचलं.

चाचा आणि त्यांच्या बायको निकाल समजून घ्यायला आले. या वेळी मी दोघांनाही आत बसवलं. चाचांनी मोबदल्याचं विचारलंच नाही.

"म्हंजे इहीर हुती, असं कोर्टानं लिवलं?"

मी इंग्रजीतलं वाक्य वाचलं आणि मराठीत सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग मान खाली घालून बसले. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. जमीन गेली होती, विहीर मातीखाली होती. जाताना चाचांनी मला रामराम केला, पण दारापर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.

गुरुजींनी त्या केसबद्दल माझ्याशी एकदाच बोलणं काढलं. कोर्टाच्या जिन्यात थांबवून विचारलं, की सर्कल हो म्हणणार हे तुला ठाऊक होतं का. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग तो प्रश्न विचारणं ही चूक होती. आणि काही पायऱ्या उतरून गेल्यावर म्हणाले, चूक माझीही होती, साक्षीला उभं करण्याआधी मीही त्याला काही विचारलं नव्हतं. सर्कलची पुढं बदली झाली असं ऐकलं. कुठं, ते मी शोधलं नाही, आणि ते मला आजही बरं वाटत नाही.

त्यानंतर माझ्याकडं संपादनाच्या केसेस वाढत गेल्या. राधानगरीकडून माणसं यायची, नदीकाठच्या गावांतून यायची. प्रत्येकाला मी आधी जागेवर घेऊन जायला सांगायचो, आणि घरातल्या बायकांशी बोलायचो. त्यावरून लोक हसायचे.

तीनेक वर्षांनी एका दाव्याच्या कामासाठी पेठ वडगावला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. चाचा भाजीच्या ढिगामागं बसले होते. त्यांनी तिथं भाच्याशेजारी थोडी जमीन घेतली होती. मला पाहून उठले, पोत्यावर जागा करून दिली, चहा मागवला. तब्येत विचारली. मग आजूबाजूला गिऱ्हाईक असतानाच म्हणाले,

"त्या दिवशी भर कोर्टात तुमी मला उघडं पाडलासा. त्येचा राग अजून हाय मला."

मी म्हणालो, असणारच. ते म्हणाले, व्हय. चहा पिता पिता त्यांनी दोन गिऱ्हाइकांना भाजी मोजून दिली. कप परत देताना त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यात धाकट्या मुलीचं लग्न आहे, बाईसाहेबांना घेऊन या, आला न्हाईसा तर बघा.

आम्ही गेलो. त्यांनी मला वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसवलं आणि प्रत्येकाला सांगितलं, हे आमचं वकील. कुणीतरी विचारलं, कसे आहेत वकील. चाचांनी जरा विचार केला.

"माणूस वाईट न्हाय," ते म्हणाले, आणि जेवणाचं बघायला निघून गेले.